युद्धातील मृत्यूंचा हिशेब कसा मांडावा

युद्ध संपले की जिंकलेल्या भूमीचा, खर्ची पडलेल्या दारूगोळ्याचा आणि वाटलेल्या पदकांचा हिशेब सरकारदरबारी लागतो. जी माणसे मेली त्यांच्या मृत्यूला नेमके कोण आणि किती जबाबदार होते, हा हिशेब मांडायला मात्र सहसा कोणी बसत नाही. तो सामान्य नागरिकांनाही मांडता येतो, अशा ठाम समजुतीने सोलापुरात आम्ही सहा-सात जण गेली काही वर्षे दर शनिवारी संध्याकाळी एकत्र जमतो. मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालो आहे. गटात एक माजी सुभेदार आहेत, बँकेतून निवृत्त झालेल्या एक ताई आहेत, टॉवेलचा कारखाना चालवणारे एक गृहस्थ आहेत आणि इतिहास शिकणाऱ्या दोन मुली आहेत. चुकत-सुधारत आम्ही जी पद्धत बसवली ती इतर गावांतील वाचनालयांना, शिक्षकांना आणि मित्रमंडळांना वापरता यावी म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

सुरुवातीलाच दोन वाक्ये बाजूला ठेवावी लागतात. पहिले, 'युद्ध म्हटले की माणसे मरायचीच' आणि दुसरे, 'दोन्ही बाजू सारख्याच'. पहिले वाक्य माणसाने केलेल्या गोष्टीला अवर्षणासारखी दैवी आपत्ती ठरवते आणि दुसरे वाक्य तपासाआधीच निकाल देऊन मोकळे होते. आमच्याकडे ही वाक्ये बोलायला बंदी नाही; फक्त वहीची पाने भरून झाल्यावर ती बोलायची, असा नियम आहे. पाने भरल्यानंतर ती कोणी बोलल्याचे मला आठवत नाही.

कोणते युद्ध घ्यावे

पहिला सराव आज चालू असलेल्या युद्धावर करू नये. जखम ओली असते, माहिती अर्धवट असते आणि कोणत्या बाजूने बोलायचे हे प्रत्येकाने आधीच ठरवलेले असते. आम्ही पहिल्या महायुद्धातील मेसोपोटेमियाची, म्हणजे आजच्या इराकमधली मोहीम निवडली आणि नव्या गटालाही तीच सुचवतो. त्याची तीन कारणे आहेत. टायग्रिस नदीकाठच्या कूत गावी तुर्की फौजेच्या वेढ्यात सापडलेल्या, ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यातील सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या, त्यामुळे ते मृत्यू आपल्याच मुलखातील घरांपर्यंत येतात. त्या मोहिमेची अधिकृत चौकशी झाली असल्याने निर्णय कोणी घेतले हे नोंदलेले आहे. आणि तेव्हाची सत्ता आज कोणाचीच लाडकी नसल्याने चर्चेत डोके शांत राहते. सराव झाला की मग आपल्या अभिमानाच्या युद्धांकडे वळावे. ते अधिक कठीण असते आणि खरी कसोटी तिथेच लागते.

आधी नाव, मग आकडा

व्यापारी वापरतात तशी लाल कापडी बांधणीची उभी वही घ्यावी आणि पानावर सहा रकाने आखावेत: नाव, गाव, मृत्यूची तारीख, मृत्यू कशाने झाला, घरी मागे कोण राहिले, आणि कोणी काय ठरवल्यामुळे हा मृत्यू झाला. शेवटचा रकाना सर्वांत रुंद ठेवावा.

नावापासूनच का सुरुवात करायची, हे पानिपताच्या उदाहरणावरून समजते. 14 जानेवारी 1761 नंतर पेशव्यांकडे गेलेल्या सांकेतिक निरोपाचा आशय असा सांगितला जातो, की दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या आणि रुपये-खुर्दा किती गेला याची गणतीच नाही. मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार. खुर्दा म्हणजे आपण. एवढ्या मोठ्या दुःखाच्या क्षणीही ज्यांची गणती झाली नाही ती माणसे होती, त्यांना आया होत्या. लोकांच्या तोंडी मात्र 'लाख बांगडी फुटली' हे शब्द राहिले. दरबारी निरोपापेक्षा तो हिशेब मला अधिक खरा वाटतो, कारण त्याने मेलेल्यांबरोबर मागे राहिलेल्या बायकाही मोजल्या.

ही रीत पुढे बदलली असे समजू नये. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर नसलेल्या 40 हजारांहून अधिक सैनिकांसाठी बसऱ्याला जे स्मारक उभारले, त्याच्या भिंतीवर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली. भारतीय तुकड्यांपैकी अधिकाऱ्यांची नावे कोरून बाकीच्या हजारो शिपायांची फक्त संख्या लिहिली गेली. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने 2021 साली स्वतःच्या चौकशीचा अहवाल प्रसिद्ध करून या भेदभावाबद्दल माफी मागितली. महाराष्ट्रातील कित्येक गावांत चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीवर आजही एक संगमरवरी पाटी दिसते: या गावातून इतके पुरुष 1914 ते 1919 च्या महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे, आणि नाव एकही नाही.

नाव शोधण्याचा सोपा मार्ग म्हणजे त्याच आयोगाच्या संकेतस्थळावरील मृतांची मोफत सूची. तेथे शोधताना आजचे स्पेलिंग चालत नाही. सोलापूरचे जुने इंग्रजी स्पेलिंग 'शोलापूर' असा उच्चार होईल असे, 'एस'नंतर 'एच' असलेले होते आणि मराठा पलटणीचे स्पेलिंगही आजच्याहून वेगळे, मध्ये 'एच' असलेले होते. दोन्ही प्रकारे शोधावे. बऱ्याच नोंदींत वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हा सापडतो, परंतु इंग्रज कारकुनाने कानाला आले तसे लिहिल्याने गावाचे नाव मोठ्याने वाचल्याशिवाय ओळखू येत नाही. एका नोंदीतील गाव आम्ही तीन आठवडे नकाशावर शोधत होतो. कारखानदार गृहस्थांनी ते एकदा तेलुगू हेल काढून वाचले आणि दक्षिण सोलापुरातील एक वाडी सर्वांच्या एकदम ध्यानात आली.

नावाने मोजल्यामुळे भावनेचे प्राबल्य वाढून अचूकपणा कमी होतो, ही शंका अनेकांना येते. अनुभव उलटा आहे. बोस्नियातील 1992 ते 1995 च्या युद्धात दोन लाखांहून अधिक माणसे मेली असे वर्षानुवर्षे सांगितले जात होते. सारायेवोतील एका संशोधन केंद्राने तिन्ही समाजांतील मृतांची नावानिशी यादी केली आणि 2007 साली 97 हजारांच्या आसपास नावे जाहीर केली. आकडा कमी झाला म्हणून अत्याचार लहान झाला नाही. उलट, त्यापुढे तो कोणाला नाकारता येईना आणि फुगवताही येईना.

समोरच्या बाजूचे मृतही याच वहीत लिहावेत, निराळी वही करू नये. तसेच रणांगणाबाहेरचे मृत्यू विसरू नयेत. 1943 च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे 30 लाख माणसे मेली असा बहुतेक अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्या दुष्काळामागे ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्याने थांबलेला तांदूळ, शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून काढून घेतलेल्या नावा, युद्धखर्चाने चढलेले भाव आणि धान्य पाठवण्यातील सरकारी टाळाटाळ होती. ही माणसे कोणत्याही युद्धस्मारकावर नाहीत.

वाक्यातला कर्ता शोधणे

माझ्या आयुष्याची तीस वर्षे प्रयोग आणि कर्ता शिकवण्यात गेली, म्हणून या पायरीवर मी जरा जास्त रेंगाळतो. युद्धाच्या बातमीची भाषा नीट ऐकावी. आपला सैनिक धारातीर्थी पडतो, त्याला वीरमरण येते, तो हुतात्मा होतो. समोरचा ठार होतो, त्याचा खात्मा होतो. मधे सापडलेला शेतकरी किंवा शाळकरी मुलगी बळी जाते, मृत्युमुखी पडते. पडणे, येणे, होणे, जाणे: ही सगळी अकर्मक क्रियापदे आहेत आणि अकर्मक क्रियापदाला मारणारा लागत नाही. 'मारले' म्हटले की लगेच 'कोणी?' असा प्रश्न उभा राहतो.

म्हणून प्रत्येक नोंद एकदा सकर्मक वाक्यात लिहून पाहावी. समजा, 'हवाई हल्ल्यात बारा नागरिक मृत्युमुखी पडले' असे वाक्य आहे. ते असे लिहावे: 'अमुक देशाच्या वैमानिकाने, अमुक अधिकाऱ्याच्या आदेशावरून, तेथे वस्ती आहे हे ठाऊक असताना किंवा नसताना, अमुक उद्देशाने बॉम्ब टाकून बारा माणसांना मारले.' या वाक्यात जिथे 'अमुक' राहील तीच तुमच्या पुढच्या शनिवारची कामाची यादी.

आमच्या सुभेदारांनी येथे हरकत घेतली होती. त्यांच्या डोळ्यांदेखत गेलेल्या सोबत्याच्या नावापुढून 'वीरमरण' हा शब्द काढायला ते तयार नव्हते, आणि त्यांचे म्हणणे योग्य होते. तेव्हापासून नावाच्या रकान्यात घरच्यांना जो शब्द प्रिय असेल तोच राहतो. शेवटच्या रकान्यात मात्र सकर्मक क्रियापदच लिहायचे. आदर आणि तपास यांना वेगवेगळी जागा दिली की दोहोंना धक्का लागत नाही.

निर्णयांची साखळी

आता शेवटचा रकाना भरायचा. वरून खाली आणि खालून वर, असा दोन्ही दिशांनी शोध घ्यावा, कारण वरून पाहणाऱ्याला फक्त नेते दिसतात आणि खालून पाहणाऱ्याला फक्त बंदूकधारी.

मेसोपोटेमियाचेच पाहू. 1914 च्या नोव्हेंबरमध्ये हिंदुस्थानातून गेलेल्या फौजेने बसरा घेतले. इराणच्या आखातातील तेलाचे रक्षण हा हेतू होता आणि तो तेथेच साध्य झाला होता. त्यानंतर सेनापती निक्सन यांनी बगदादपर्यंत धडक मारण्याचा आग्रह धरला. आघाडीवरचे जनरल टाउनशेंड यांना एका डिव्हिजनच्या बळावर हे जमणार नाही अशी शंका होती. नदीत पुरेशा बोटी नव्हत्या, जखमींची सोय नव्हती, तरी तुर्कस्तानातील गॅलिपोलीच्या मोहिमेतील अपयशाच्या पार्श्वभूमीवर एक झळझळीत विजय हवा असल्याने सिमल्यापासून लंडनपर्यंत होकार मिळाला. 1915 च्या नोव्हेंबरमध्ये बगदादजवळच्या टेसिफॉनला चार हजारांहून अधिक सैनिक मेले किंवा जखमी झाले.

त्या जखमींपैकी काहींना घेऊन एक बोट बसऱ्याला पोहोचली तेव्हा मेजर कार्टर हे डॉक्टर धक्क्याजवळ आपल्या रुग्णालय-जहाजावर होते. बोटीच्या कडेने दोरखंड लोंबत आहेत असे त्यांना दुरून वाटले. बोट जवळ आल्यावर कळले की ते दोरखंड नव्हते, डेकवर दाटीवाटीने पडलेल्या, हलता न येणाऱ्या जखमींची हगवण कडेवरून ओघळून वाळली होती. त्यांनी हे लेखी कळवले, तेव्हा वरिष्ठांनी त्यांनाच कारवाईची धमकी दिली. पुढे फौज कूतमध्ये अडकली. 147 दिवसांच्या वेढ्यानंतर 29 एप्रिल 1916 रोजी सुमारे 13 हजार माणसे शरण गेली, त्यांच्यापैकी हजारो कैदेत मेली, आणि त्यांना सोडवण्याच्या प्रयत्नांत सुमारे 23 हजार सैनिक मेले किंवा जखमी झाले.

येथे प्रत्येक निर्णयकर्त्याला तेच प्रश्न विचारावेत. त्याला काय ठाऊक होते? ठाऊक नसेल तर जाणून घेणे त्याचे कामच होते का? दुसरा मार्ग त्याच्यासमोर होता का? निर्णयाची किंमत त्याने स्वतः मोजली की दुसऱ्यांनी? आणि परिणाम कळल्यावर तो कसा वागला? यांतील दुसऱ्या प्रश्नावर सर्वाधिक वेळ द्यावा, कारण 'मला कल्पना नव्हती' ही पळवाट सर्वांत जास्त वापरली जाते. बोटी किती आहेत हे सेनापतीला ठाऊक नसणे हा त्याचा बचाव होत नाही, तोच त्याच्यावरचा आरोप आहे. चौकशी आयोगाचा अहवाल 1917 च्या जूनमध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात निक्सन यांच्यापासून माजी व्हाइसरॉय हार्डिंग यांच्यापर्यंत दोष वाटला गेला. ब्रिटिश मंत्रिमंडळातील भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला; व्यक्तिशः मोठा दोष नसताना खात्याचे पाप पदाने उचलावे, या तत्त्वाने. हार्डिंग यांनी देऊ केलेला राजीनामा स्वीकारला गेला नाही. खटला कोणावरही चालला नाही.

या ठिकाणी तीन जबाबदाऱ्या वेगळ्या लिहाव्यात, नाहीतर चर्चा भरकटते. न्यायालयात सिद्ध होणारा गुन्हा ही एक, पदामुळे येणारी जबाबदारी ही दुसरी आणि माणसाने स्वतःच्या मनाला द्यायचे उत्तर ही तिसरी. चेंबरलेन दुसरीला सामोरे गेले. पहिली कोणाला लागली नाही म्हणून तिसरी संपत नाही.

खालच्या टोकाला असणाऱ्यांसाठी व्हिएतनाममधील माय लाय गावाचे उदाहरण घ्यावे. 16 मार्च 1968 रोजी अमेरिकन सैनिकांनी तेथे शेकडो निःशस्त्र गावकऱ्यांना मारले. व्हिएतनामच्या नोंदीनुसार 504. शिक्षा लेफ्टनंट कॅली या एकालाच झाली आणि तीही बहुतांश घरातल्या नजरकैदेत तीन-साडेतीन वर्षांत आटोपली. 'आज्ञा होती' असे त्याचे म्हणणे होते. परंतु त्याच सकाळी, त्याच गावावर ह्यू टॉम्प्सन या वैमानिकाने आपले हेलिकॉप्टर सैनिक आणि गावकरी यांच्यामध्ये उतरवले आणि काही जणांना वाचवले. दुसरा मार्ग होता का, या प्रश्नाचे उत्तर नंतर पुस्तकात शोधावे लागत नाही. ते तिथेच, त्या वेळी एका माणसाने दिले होते. वरिष्ठाची आज्ञा गुन्ह्यातून मुक्त करत नाही, हे तत्त्व तर त्याआधी वीस वर्षे नाझी नेत्यांवरील न्यूरेंबर्गच्या खटल्यात मान्य झाले होते.

एवढी नावे एका रकान्यात आल्यावर कोणीतरी म्हणते, 'सगळेच जबाबदार म्हणजे कोणीच नाही.' भाकरीचे चार तुकडे केले की प्रत्येकाच्या वाट्याला चतकोर येते, हे खरे. पण चौघांनी मिळून एकाला विहिरीत ढकलले तर प्रत्येकाच्या माथी पाव खून येत नाही. वाटे समान नसतील, कमी-अधिक नक्की ठरवावेत. आम्ही ते नावापुढे 'ठरवणारा', 'पटवणारा', 'करणारा', 'गप्प राहणारा' असे शब्द लिहून ठरवतो.

आपल्या गावाचे पान

शेवटी वहीत आपल्या गावाचे एक पान असावे. सोलापूरकरांसाठी ते 1930 सालचे आहे. ते युद्ध नव्हते, परंतु 12 मे ते 30 जून या काळात शहरावर लष्करी कायदा होता, म्हणजे राज्यसत्तेने नागरिकांशी युद्धासारखाच व्यवहार केला. त्याआधी 8 मे रोजी पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली, चौकी जळाली आणि पोलिसांचेही जीव गेले. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. त्यांची नावे इथल्या लहान मुलालाही पाठ असतात. या पानावर त्या पोलिसांची नावेही लिहावीत, असे मी म्हटले तेव्हा खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मी आजही त्या मतावर आहे. हुतात्म्यांवरील अन्याय त्यामुळे तसूभरही कमी होत नाही.

याच शहरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये इतर चार भारतीय डॉक्टरांबरोबर, जपानने आक्रमण केलेल्या चीनला गेले, ते चौघे परतल्यानंतरही तेथेच राहिले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या 32 व्या वर्षी तेथेच वारले. भैय्या चौकातील त्यांच्या घराचे आज स्मारक आहे. जे युद्ध आपण सुरू केले नाही त्यातील जखमींची जबाबदारी त्यांनी घेतली. त्यांच्या शेजारी मी गांधीजींचे मत मुद्दाम मांडतो. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात रुग्णसेवा पथक उभारणाऱ्या आणि 1918 मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पायपीट करणाऱ्या गांधीजींनी पुढे लिहिले की जखमींची शुश्रूषा करणाराही युद्धाच्या दोषातून सुटत नाही. आक्रमण झालेल्यांच्या बाजूला उभ्या राहिलेल्या डॉक्टरला हे लागू पडते असे मला वाटत नाही. तरीही स्वतःला त्या रकान्यात बसवण्याची गांधीजींची तयारी पाहिल्यावर, 'आमचा काय संबंध' असे म्हणायला जीभ रेटत नाही. आपण कोणत्या घोषणांना टाळ्या दिल्या, कोणती बातमी पडताळणी न करता पुढे पाठवली, हे प्रत्येकाने स्वतःच्या हाताने तिथे लिहावे. ते वाचून दाखवण्याची सक्ती नको.

एक पथ्य अवश्य पाळावे. ज्या घरातले माणूस गेले आहे त्या घरी वही घेऊन थेट जाऊ नये. आधी कोणाकरवी विचारावे, वीरमातेला किंवा वीरपत्नीला बोलायचे नसेल तर तो विषय तेथेच सोडावा आणि जबाबदारीची चर्चा त्यांच्या उंबऱ्याच्या आत कधीही करू नये.

कोरा राहिलेला रकाना

'घरी मागे कोण राहिले' हा रकाना सर्वांत जास्त कोरा राहतो. अंदाजाने तो भरू नये. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गावोगावची जुनी कोतवाल बुके, म्हणजे गाव नमुना 14 च्या जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. अर्ज करून नक्कल मागता येते. जुनी पाने मोडी लिपीत असतात, त्यामुळे मोडी वाचणारे कोणीतरी सोबत हवे.

आमच्या गटातील ताईंच्या आजोळी, मोहोळ तालुक्यात, देवघराच्या कोनाड्यात कांस्याची एक जड चकती आहे. पहिल्या महायुद्धात मेलेल्यांच्या घरी ती पाठवत असत. तिच्यावर हातात हार घेतलेली एक स्त्री आणि एक सिंह आहे, कडेने इंग्रजीत 'तो स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मेला' अशा अर्थाची ओळ आहे आणि एका चौकटीत शिपायाचे नाव आहे, हुद्द्याशिवाय. पिढ्यान्‌पिढ्या हळदकुंकू वाहून त्या नावाची अर्धी अक्षरे बुजली आहेत. त्याच्या पत्नीचे नाव घरात कोणालाच सांगता येईना. कोतवाल बुकात ती सापडली: 1918 च्या ऑक्टोबरमध्ये, कारण 'ताप'. त्या पानावर तापाच्या नोंदी वरपासून खालपर्यंत होत्या, कारण तो इन्फ्लुएंझाचा महिना होता आणि ती साथ त्या उन्हाळ्यात सैनिकांच्या जहाजांबरोबर मुंबई बंदरात उतरली होती, असे मानले जाते.

तिला युद्धातील मृतांमध्ये धरायचे की नाही, यावर आमचे दोन शनिवार गेले. सुभेदार म्हणाले, धरायचे. मुलींपैकी एकीचे म्हणणे होते की साथ जहाजातून आली म्हणून प्रत्येक ताप युद्धाच्या खात्यावर टाकला तर वहीला अर्थ उरणार नाही. सध्या तिची ओळ नवऱ्याच्या खाली पेन्सिलीने लिहिलेली आहे आणि शेवटचा रकाना कोरा आहे.